बडोद्यातल्या घरात ४० लिटरचा समुद्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या दिवाणखान्यात ४५ × ३० × ३० सेंटिमीटरची एक काचेची टाकी आहे. हिशेबानं ती ४० लिटरची, पण दगड आणि वाळू वजा जाता खारं पाणी जेमतेम ३५ लिटर. आत दोन मासे, एक कोळंबी, चार गोगलगायी, एक शंखातला खेकडा आणि मूठ-दीड मूठ प्रवाळ. हे सहावं वर्ष. घरी येणारा प्रत्येक जण आधी फोटो काढतो आणि मग तेच तेच विचारतो, म्हणून एकदा सगळं लिहून काढलंय.

टाकी छोटी आहे, म्हणजे सांभाळायला सोपी असेल ना?

उलट. छोटं पातेलं लवकर उतू जातं, तसंच हे. तीनशे लिटरच्या टाकीत एखादी गोगलगाय मेली तर पाण्याला पत्ताही लागत नाही. माझ्या टाकीत दुसऱ्या दिवशी वास येतो आणि प्रवाळ मिटून बसतात.

क्षारतेचंच बघा. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हाळ्यात पंखा चालू असला की माझ्या टाकीतून रोज एक लिटर पाणी उडतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. एक दिवस विसरलात तर ३५ चे ३६, दोन दिवस विसरलात तर ३७. माशाला ते चालून जाईल, कोळंबीला नाही. मोठ्या टाकीवाल्याला हीच चूक करायला जास्त दिवस लागतात.

तरीही मी छोटीच ठेवते. फ्लॅटमध्ये जागा नाही, आणि पाणी बदलायला एक बादली पुरते. फक्त रोज दोनदा तिच्याकडे बघायची तयारी हवी. मी सकाळी चहा उकळेपर्यंत बघते आणि रात्री ओटा पुसून झाल्यावर बघते. ज्यांना आठवड्यातून एकदा रविवारी छंद करायचाय त्यांनी कुंड्या लावाव्यात.

समुद्र काही फार लांब नाही. तिथूनच कॅन भरून आणले तर?

कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला गेला असाल तर तिथलं पाणी आठवा. भरतीला देऊळ पाण्याखाली जातं, ओहोटीला वर येतं, आणि ते पाणी दुधाच्या चहाच्या रंगाचं असतं. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक देशात सर्वांत मोठ्यांपैकी, त्यामुळे तळचा गाळ सतत ढवळलेला. शिवाय मही, नर्मदा, साबरमती, तापी या सगळ्या तिथेच गोडं पाणी आणि वाटेतल्या कारखान्यांचं जे काही असेल ते आणून ओततात. क्षारता पावसाळ्यात एक, उन्हाळ्यात भलतीच. प्रवाळांना असं पाणी सोसत नाही. जामनगरच्या बाजूला कच्छच्या आखातात प्रवाळ आहेत, पण तो १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथून पाणी, दगड, वाळू, काहीच आणायचं नाही.

मग मीठ तरी इथलंच वापरू. गुजरातेत मिठाला काय तोटा?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण मीसुद्धा हाच विचार करून फसणार होते. देशातलं बहुतेक मीठ गुजरातेतच पिकतं, आणि परदेशी मिठाची पिशवी विकत घ्यायची म्हणजे जिवावर येतं.

पण आगरात काय होतं ते बघा. समुद्राचं पाणी उन्हात आटवत नेलं की आधी कॅल्शियमचे क्षार खाली बसतात, मग सोडियम क्लोराइडचे खडे धरतात, ते ओढून घेतात, आणि उरलेलं कडू पाणी वेगळं काढतात. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम त्या कडू पाण्यात निघून गेलेलं असतं. स्वयंपाकाला ते उत्तमच. नाहीतर भाजी कडू लागली असती. समुद्रातल्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून वजनानं साधारण ८५ टक्के असतात. खडेमीठ तेवढंच देतं. प्रवाळाला गरज असते ती उरलेल्या १५ टक्क्यांची. डब्यातल्या मिठात तर वर आयोडीन आणि ते मोकळं राहावं म्हणून घातलेली पूडही असते.

तेव्हा रीफसाठी, म्हणजे प्रवाळांच्या टाकीसाठी, बनवलेलंच मीठ घ्या. लिटरला साधारण ३६ ग्रॅम लागतं, म्हणजे किलोभरात २७ लिटर पाणी होतं. पहिल्यांदा भरायला सव्वा किलो, मग महिन्याला अर्धा-पाऊण किलो. पिशवी उघडली की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. आमच्या पावसाळ्यात उघडं राहिलेलं मीठ आठवड्यात दगड होतं, आणि तो दगड फोडून विरघळवला तरी पाणी दुधाळच राहतं.

घरच्या आरओचं पाणी चालेल का?

अर्धं चालेल. आमच्या नळाला येणारं पाणी महीचं असो की आजव्याचं, त्यात क्लोरीन आणि क्षार असतातच. बोअरचं असेल तर विचारूच नका. घरचा प्युरिफायर त्यातलं बरंच काढतो, पण पिण्याला चव यावी म्हणून थोडं मूळ पाणी पुन्हा मिसळतो किंवा खनिजांची नळकांडी लावलेली असते. त्यामुळे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, ४०-६० दाखवतो. तेवढ्यात शेवाळाची पंगत उठते.

मी मेकॅनिककडून मेंब्रेनच्या लगेच नंतर एक टी (तीन तोंडांचा जोड) लावून घेतली आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचं छोटं नळकांडं जोडलं. टीडीएस शून्य. रेझिनचा रंग बदलत वर सरकतो, टोकाला पोचला की बदलायचा. मीटर दोनशे-तीनशे रुपयांना मिळतो, तो घ्याच.

जाता जाता एक गंमत. सुरुवातीला दुकानात मी विचारलं, "खाऱ्या पाण्याचं काही ठेवता का?" तर तो म्हणाला, "ना बेन, अमे तो मीठुं पाणी ज राखीए." मी खूश होऊन दुसऱ्या दिवशी बादली घेऊन गेले. गुजरातीत मीठुं म्हणजे मीठही आणि गोडही, आणि मीठुं पाणी म्हणजे गोडं पाणी! तीन पिढ्या बडोद्यात काढून हे मला माहीत नसावं याबद्दल घरी अजून बोलणी खाते.

काय काय घ्यावं लागतं? खर्च किती?

काच सर्वांत स्वस्त. ६ मिलिमीटरची टाकी इथला काचवाला दोन दिवसांत करून देतो. पाणी, दगड, काच मिळून वजन ५५-६० किलोंच्या घरात जातं, तेव्हा शोकेसच्या पातळ फळीवर ठेवू नका.

पैसे जातात ते दिव्यात. निळा-पांढरा एलईडी हवा. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात, ती उजेडावर अन्न बनवतात आणि भाड्यादाखल त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतात. म्हणून दिवा हेच त्याचं ताट. बाकी तासाला ७००-८०० लिटर पाणी फिरवणारा छोटा वेव्हमेकर, मागे टांगायचा फिल्टर, ५० वॉटचा हीटर, तीन-चार किलो कोरडे सच्छिद्र दगड, तेवढीच अ‍ॅरागोनाइट वाळू, क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणि अमोनिया, नायट्रेट, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) मोजायच्या किट. माझे पहिल्या सहा महिन्यांत २२ हजार गेले. त्यातले चार हजार निव्वळ मूर्खपणाचे, कारण आधी स्वस्त दिवा घेतला होता.

रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य करून समाधान मानू नका. ३५ च्या तयार द्रावणावर जुळवा. माझा दोन वर्षं दोन अंकांनी खोटं बोलत होता.

प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) हवाच का?

एवढ्याशा टाकीला नको. पाणी बदला.

पाणी भरलं, मीठ घातलं. मासा कधी?

दीड महिन्यानं.

मुलांची तोंडं पडतात, पण उपाय नाही. माशाच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो आणि तो त्यालाच विष असतो. तो खाऊन नायट्राइट करणारे एक जातीचे जिवाणू, नायट्राइटचं नायट्रेट करणारे दुसऱ्या जातीचे. हे दोघं दगडांच्या छिद्रांत वस्ती करायला तीन ते सहा आठवडे घेतात. दह्याचं विरजण घाई केल्यानं लागत नाही, इथेही तेच.

वस्तीला सुरुवातीला खाऊ लागतो. काही जण कोळंबीचा तुकडा टाकून कुजवतात. आमच्या मजल्यावर दोन्ही शेजारी वैष्णव, त्यामुळे मी तो वास टाळला आणि प्रयोगशाळेत मिळतं ते शुद्ध अमोनियम क्लोराइड वापरलं. ३५ लिटरला पाव ग्रॅमहून थोडं कमी घातलं की अमोनिया २ पीपीएमच्या (दहा लाख भागांत दोन) आसपास जातो. बाजारातला नवसागर हे तेच रसायन, पण भेसळ काय असेल सांगता येत नाही, म्हणून तो नको. एवढा अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही दिसेनासं झालं की वस्ती बसली असं समजायचं. मग एकदा भरपूर पाणी बदला आणि आधी गोगलगायी आणा, मासा मागाहून.

तिसऱ्या आठवड्यात सगळीकडे तपकिरी थर आलाय. टाकी बिघडली का?

नाही, आता कुठे सुरू झाली. ते डायटम, म्हणजे सूक्ष्म तपकिरी शैवाल आहेत. नव्या दगडावाळूतलं सिलिका संपलं की आपोआप जातात. मग हिरवे केस येतील, मग कदाचित लालसर शेवाळ्याची साय येईल. प्रत्येक वेळी बाटलीतलं औषध घालू नका. दिवा आठ तासांवर आणा, खाणं कमी करा, हातानं उपटा.

एकच काळजीचं: तपकिरी चिकट दोरे आणि त्यांत हवेचे बुडबुडे दिसले तर ते डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव असू शकतात. ते बहुतेक वेळा अति स्वच्छतेतून येतात. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेणाऱ्या कामसू लोकांच्या टाकीत. नायट्रेट ५-१० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असू द्या.

बडोद्याच्या उन्हाळ्यात हे जगतं कसं?

प्रवाळाला २४ ते २७ अंश आवडतं. २९ पर्यंत तो कुरकुरत सहन करतो, त्यापुढे अंगातली शैवालं बाहेर टाकून पांढरा पडू लागतो. आणि आमच्याकडे मेमध्ये बाहेर ४२-४३.

तरी खरा शत्रू मे महिना नाही, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. मेची हवा कोरडी असते. ज्या कारणानं घरातला कूलर मेमध्ये गारेगार वाटतो, त्याच कारणानं पाण्याच्या पृष्ठभागावर लावलेला कॉम्प्युटरचा छोटा पंखा टाकी थंड करतो. एक लिटर पाणी उडताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. ३५ लिटरला कागदावर हा हिशेब सोळा अंशांचा होतो. अर्थात खोलीतून उष्णता सतत परत येत राहते, त्यामुळे प्रत्यक्षात पदरात तीन-चार अंश पडतात. पडदे ओढून, भिंतीपासून टाकी थोडी पुढे घेऊन आणि दिवा दुपारऐवजी संध्याकाळी सहा ते पहाटे दोन असा लावून माझी टाकी मेमध्ये २८ वर राहते.

मग येतो जून. आभाळ भरून येतं, पाऊस पडत नाही, हवेत दमटपणा साचतो, कूलर नुसता ओला वारा फेकतो. तेव्हा पंखाही हरतो. १० जून ते पहिला दणदणीत पाऊस, हे दिवस सर्वांत वाईट. ऑक्टोबरातही तसेच काही दिवस येतात. तेव्हा मी फ्रीझरमध्ये अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या गोठवून ठेवते. एक बाटली बूच घट्ट लावून टाकीत तरंगत सोडली की वितळेपर्यंत जवळजवळ दीड अंश उतरतं. दोन्ही एकदम टाकू नका, अचानक थंडी त्यांनाही बाधते. आत आरओचंच पाणी भरा, बूच सुटलं तर निदान घात होणार नाही.

ज्या खोलीत रात्रभर एसी चालतो तिथे टाकी ठेवता आली तर हा सगळा व्याप वाचतो. सासूबाईंच्या खोलीत एसी आहे. त्यांनी नाही म्हटलं.

थंडी सोपी. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा ११-१२ वर जातो, तेव्हा हीटर २५ वर लावून विसरून जायचं. मार्चमध्ये मात्र आठवणीनं तपासा. हीटर बंद न होता चालूच अडकून बसला तर टाकीचं सार होतं.

रोज कमी होणारं पाणी भरताना मीठ घालायचं का?

नाही. नाही. नाही. काचेवर पट्टी चिकटवून खूण करा आणि रोज त्या खुणेपर्यंत साधं शून्य-टीडीएसचं पाणी घाला. मीठ उडत नाही.

आणि भांडं प्लास्टिकचं. चौथ्या वर्षी मी पुण्याला आतेबहिणीच्या लग्नाला गेले आणि तिथेच पंधरा दिवस अडकले. सासूबाईंनी टाकीची काळजी माझ्याहून जास्त घेतली. खूण बघून रोज पाणी घातलं, पण डब्यातलं संपल्यावर आरओचं पाणी त्यांच्या तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवून. "तांब्याचं पाणी प्रकृतीला चांगलं," आणि मासे म्हणजे तरी घरचेच. मी परतले तेव्हा गोगलगायी तळाला उलट्या पडलेल्या आणि कोळंबी अर्धी कात टाकून गेलेली. मासे मजेत. तांबं माशांना थोडं चालतं, कवचवाल्यांना आणि प्रवाळांना अगदी अल्पही चालत नाही, आणि आरओचं मऊ पाणी धातू जास्त ओढतं. कार्बनची पिशवी घालून तीनदा पाणी बदललं. सासूबाईंना कारण आजतागायत सांगितलेलं नाही, त्यांना वाटतं उन्हाळा.

याच कारणासाठी दुकानातून आलेल्या पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. माशांच्या आजारावर दुकानदार तांब्याचंच औषध घालतात. पिशवी १५ मिनिटं तरंगवा, मग वाडग्यात काढून टाकीतलं पाणी अर्धा तास थेंबथेंब मिसळा, आणि मासा जाळीनं उचला.

कोणते प्रवाळ ठेवता येतात? कायद्याचं काय?

आधी कायदा, कारण दुकानदार तो सांगत नाहीत. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, फायर कोरल आणि ऑर्गन पाइप कोरल घातले गेले. समुद्रघोडेसुद्धा. आपल्या समुद्रातून ते काढणं, विकणं, बाळगणं गुन्हा आहे, आणि मेलेला पांढरा तुकडासुद्धा यात येतो. जामनगरच्या बाजूला नारारा किंवा पिरोटनला ओहोटीत फिरताना मुलांनी खिशात काही घातलं का, ते निघण्याआधी बघा. परदेशातून येणारे दगडी प्रवाळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात आहेत, त्यांना कागदपत्रं लागतात आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणीही. कागद दाखवत नसेल त्याच्याकडून घेऊ नका. मी दगडी प्रवाळ ठेवतच नाही.

उरतात ते मऊ. मशरूम सर्वांत चिवट, सावलीतही फुगतात. झोआ म्हणजे छोट्या छोट्या रंगीत बटणांची वसाहत, आणि खरं सांगायचं तर टाकीची सगळी शोभा तीच. दिवा लागण्याआधी ती मिटलेली असतात, मुठी वळून झोपलेल्या बाळांसारखी. दिवा लागल्यावर पाच-सात मिनिटांत एकेक उघडतं, आणि आधी नेहमी डावीकडचं हिरवं. ग्रीन स्टार पॉलिप सुंदर आहे पण गाजरगवतासारखा पसरतो, त्याला वेगळ्या दगडावर ठेवा. झेनिया हातानं टाळ्या वाजवल्यासारखी उघडझाप करते. ती एक तर टाकी व्यापते नाही तर एका रात्रीत विरघळते, मधलं काही नाही.

झोआबद्दल एक गंभीर गोष्ट. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं फार जहाल विष असतं. झोआ असलेला दगड कधीही उकळायचा नाही, गरम पाण्यानं धुवायचा नाही, ब्रशनं घासायचा नाही. त्या वाफेनं माणसं दवाखान्यात गेल्याच्या घटना परदेशात नोंदलेल्या आहेत. तुकडा कापताना हातमोजे आणि चष्मा. बोटाला चीर असेल तर त्या दिवशी टाकीत हात नाही.

मासे किती? निळा मोठा मासा ठेवू का?

दोन, फार तर तीन, तेही बोटभर लांबीचे. नारिंगी-पांढरा पट्ट्यांचा क्लाउन, ज्याला दुकानात सगळे निमोच म्हणतात, त्याची एक जोडी किंवा एक क्लाउन आणि एक छोटा गोबी. निळा टँग एक फुटापर्यंत वाढतो आणि त्याला पोहायला लांबी लागते. त्याला या टाकीत ठेवणं म्हणजे घोड्याला बाल्कनीत बांधणं. मँडरिन नकोच, दगडावरचे जिवंत किडे संपले की तो उपाशी मरतो.

क्लाउन शक्यतो टाकीत वाढवलेलाच मागा. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेनं क्लाउनच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला घेण्याचं कारण उरत नाही. जोडीचं लग्न जुळवायचं टेन्शन नाही: सगळे जन्मतः नर असतात, दोघांतला दांडगा मादी होतो. आमच्यातल्या मोठीचं नाव आधी बंडू होतं.

आठवड्याला काय काम असतं?

रविवारी चार लिटर पाणी काढायचं आणि चार लिटर घालायचं. शनिवारी रात्री प्लास्टिकच्या बादलीत चार लिटर पाण्यात १४५ ग्रॅम मीठ घालून छोटा पंप सोडते. स्वयंपाकघरातला काटा चालतो, पण वाटी वेगळी. सकाळी क्षारता आणि तापमान जुळवून मगच. काच चुंबकानं पुसणं, फिल्टरचा कापूस बदलणं, वायरीवर चढलेला मिठाचा खार ओल्या फडक्यानं काढणं. सगळं मिळून ४० मिनिटं. वायरी प्लगकडे जाताना खाली झोळ घेऊन वर जाऊ द्या, म्हणजे ओघळ प्लगात न जाता जमिनीवर पडतो. आणि हात घालण्याआधी स्विच बंद.

कॅल्शियम, मॅग्नेशियमच्या बाटल्या मऊ प्रवाळांना लागत नाहीत, नव्या मिठातून मिळतं तेवढं पुरतं. फक्त अल्कलिनिटी ८-९ वर राहतेय का बघते. ती उतरली तर खाण्याचा सोडा. एक ग्रॅम सोडा माझ्या ३५ लिटरमध्ये ती साधारण एकानं वाढवतो. पेलाभर आरओच्या पाण्यात विरघळवून हळूहळू. बेकिंग पावडर नको, इनो तर अजिबात नको. हा सल्ला द्यायची वेळ माझ्यावर आलेली आहे.

वीज गेली तर?

तासाभरानं काही होत नाही. दिव्याशिवाय प्रवाळ दोन-तीन दिवसही काढतात. आधी संपतो तो प्राणवायू, आणि पाणी जितकं गरम तितका तो लवकर संपतो.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची खूण ओलांडून ३५ च्याही वर गेली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, खाली पार्किंगमध्ये गाड्यांची टपं तेवढी दिसत होती. वीज गेली ती ४० तास. इन्व्हर्टरवर मी शहाणपणानं वेव्हमेकर जोडलेला, पण त्याच इन्व्हर्टरवर चार पंखे आणि सोसायटीतल्या सहा जणांचे मोबाइल. रात्री दोनला तो बसला. सेलवर चालणारा हवेचा पंप होता, त्याचे सेल दुसऱ्या दिवशी दुपारी संपले. मग प्लास्टिकचा मग घेऊन दर वीस मिनिटांनी पाणी उचलून वीतभर उंचीवरून परत ओतायचं, एवढंच. मी, नवरा, आणि पहाटे तीनला, कोणी न सांगता, सासूबाई. खायला काहीच घातलं नाही. झेनिया विरघळली, एक गोगलगाय गेली. बाकी सगळे वाचले.

आता मोठी पॉवर बँक आणि यूएसबीवर चालणारा एक-दीड वॉटचा हवेचा पंप कायम तयार असतो, आणि ती पॉवर बँक मोबाइलला लावायची घरात कोणाला मुभा नाही.

उदबत्ती, धूप, डासांची कॉइल?

पूर ओसरल्यावर डास आले, आणि डासांमागोमाग गल्लीत धुराचं यंत्र. कॉइल, लिक्विड, स्प्रे, फॉगिंग या सगळ्यांत पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं सापडतात, आणि कोळंबी-खेकडे हे कीटकांचेच चुलतभाऊ. यंत्राचा आवाज कोपऱ्यावर आला की मी खिडक्या लावून हवेचा पंप बंद करते, नाहीतर तो तीच हवा ओढून पाण्यात सोडतो. टाकीच्या खोलीत कॉइल कायमची बंद, मच्छरदाणी लावा.

गणपतीत उदबत्ती दुसऱ्या टोकाला. नवरात्रात गरब्याहून पहाटे आल्यावर अत्तर-क्रीमचा हात टाकीत घालू नका.

दिवाळीत गावाला जाताना?

मासे तीन-चार दिवस उपाशी आरामात राहतात. शेजाऱ्याला डबा देऊन जाण्यापेक्षा उपास बरा, कारण शेजारी प्रेमानं चमचाभर घालतो. जास्त दिवस असतील तर गोळ्यांच्या वारांच्या डबीत रोजचं चिमूटभर भरून ठेवा आणि मोठा डबा लपवा. पाण्यासाठी ऑटो टॉप-अप घ्या: तरंगती कळ, छोटा पंप, दहा लिटरचा कॅन. कळशी प्रकरणानंतर मी पहिली खरेदी तीच केली.

काढलेलं खारं पाणी झाडांना? आणि टाकी मोडायची झाली तर?

तुळशीला घातलंत तर तुळस जाईल. मोरीत ओता.

जिवंत काहीही सूरसागर तलावात किंवा नदीत सोडू नका. गोड्या पाण्यात ते मरतंच. इथे छंद असणारे थोडेच, पण विचारलं की कोणी ना कोणी घेऊन जातं. दगड गच्चीवर उन्हात महिनाभर वाळवा, घासायचे नाहीत. माझी पहिली टाकी तिसऱ्या महिन्यात सांध्यातून गळली, तेव्हा त्यातला हिरव्या झोआचा तुकडा मी कारेलीबागेतल्या एका कॉलेजच्या मुलाला दिला होता. त्याच्याकडे आता तो तळहाताएवढा झालाय. पुढच्या रविवारी जाऊन त्यातली पाच-सहा बटणं परत मागून आणणार आहे.